तांबेबाईंच्या रक्तातलं कोबाल्ट

तांबेबाईंना कुणी ‘कशा आहात?’ असं विचारलं, तर नुसतं ‘बरी आहे’ एवढं उत्तर त्यांनी आयुष्यात कधी दिलं नसेल. त्या क्षणभर थांबायच्या, खरोखरच आत डोकावून पाहिल्यासारख्या, आणि मग सांगायच्या, “गुडघे उत्तम. उजव्या कानात शिट्टी. भूक भरपूर. आणि तू?” आपणही तसंच नीट उत्तर द्यायचं, असा त्यांचा आग्रह. मी घाईघाईने ‘बरी आहे’ म्हटलं की त्यांचा हात पुढे यायचा, तळवा वर.

“पुरावा?”

हा तळवा मी पहिल्यांदा पाहिला नववीत. श्रीवर्धनच्या अलीकडे आमची शाळा, आणि बाई आम्हाला विज्ञान शिकवायला. बुटक्या, सावळ्या, सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. माणगावकडच्या एका खेड्यातल्या बौद्धवाडीतून शिकून वर आलेल्या. बोलायच्या अगदी पुस्तकात शोभेल असं. पण फार आनंद झाला किंवा फार राग आला की जिभेवर गाव यायचं. “न्हाय म्हंजे न्हाय!” असं त्या म्हणाल्या की आम्ही समजून जायचो, की आता हसायचं तरी किंवा पळायचं तरी.

शाळेचं लोखंडी फाटक फार करकरायचं. एकदा शिपाई तेलाची बाटली घेऊन निघाले, तर बाईंनी त्यांना वाटेत अडवलं. “तेल नंतर. आधी माझा तास होऊ दे.” फाटकाच्या बिजागरीखाली त्यांनी पांढरा कागद पसरला आणि आम्हा सगळ्यांना एकेक करून फाटक उघडायला-मिटायला लावलं. थोड्या वेळाने कागदावर काळपट भुकटी दिसायला लागली. बाईंनी कागदाखालून लोहचुंबक फिरवलं, तशी ती भुकटी केसांसारखी उभी राहिली. आम्ही ओरडलोच.

“लोखंडावर लोखंड घासलं की दोघांचंही थोडं थोडं जातं,” बाई म्हणाल्या. “जातं म्हणजे नाहीसं होत नाही. कुठंतरी जाऊन बसतं. कुठं, ते आपण शोधायचं.”

मग आणखी पुरावा हवा म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून ते फाटक इतकं हलवलं की वरची बिजागरी निखळली आणि फाटक मुख्याध्यापकांच्या स्कूटरवर आडवं झालं. मुख्याध्यापक धावत आले. बाई कागदाची पुडी बांधत शांतपणे म्हणाल्या, “सर, पुरावा जरा जास्तच मिळाला.” आणि स्वतःच हसत सुटल्या. त्यांचं हसणं तसंच होतं, विनोद संपायची वाट न पाहणारं.

मी पुढे लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि श्रीवर्धनला रक्त तपासणीच्या एका लहानशा लॅबमध्ये कामाला लागले. तोवर बाई निवृत्त होऊन तिथेच, सुपारीच्या वाडीला लागून असलेल्या एका घरात राहत होत्या. सोबत त्यांचे यजमान, टपाल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. भाऊ दिवसाला मोजून वीस-पंचवीस वाक्यं बोलत असतील. बाकीची बाई बोलायच्या.

बाईंच्या डाव्या खुब्याचा सांधा मुंबईला बदललेला होता. त्या शाळेत शिकवत होत्या तेव्हाच खुब्याचं हाड खराब झालं, आणि वय तसं कमी म्हणून डॉक्टरांनी जास्त टिकेल असा सांधा बसवला. धातूच्या वाटीत धातूचा गोळा. बाई त्याला ‘मुंबईकर’ म्हणायच्या. “मुंबईकर आज खुशीत आहे” म्हणजे दोन किलोमीटर चालून झालेलं असायचं. असा तो मुंबईकर कितीतरी वर्षं तक्रारीला जागा न देता नांदला.

मग तो कुरकुरायला लागला.

आधी जांघेत दुखणं. मग चालताना आतून कट् कट् आवाज. मग मांडीच्या वरच्या बाजूला सूज, अंगावर खाज येणारे लाल चट्टे, कानात ती शिट्टी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चहा बिघडला. “चहात कुणी जुनं नाणं उकळलंय असं लागतं गं,” त्या म्हणाल्या. बाईंना चहा नकोसा झाला, हे ऐकून मला पहिल्यांदा काळजी वाटली.

त्या रक्त तपासायला येऊ लागल्या. शरीरात कुठे दाह असला की सीआरपी नावाचं एक प्रथिन रक्तात वाढतं. बाईंचं दर वेळी वाढलेलं निघायचं. सांध्यात जंतू शिरले असतील म्हणून औषधं झाली, एकदा नाही, दोनदा. फरक शून्य. कुणी म्हणालं वय झालं. कुणी म्हणालं वात आहे. मुंबईहून आलेल्या एका नातेवाइकांनी तर बाईंच्या देखत भाऊंना सांगितलं, “रिटायर झाल्यावर असं होतं. मन कशाततरी गुंतवायला पाहिजे.” बाईंचं मन गुंतलेलंच होतं. त्यांनी वहीत तक्ता आखला होता. एका रकान्यात ताप, दुसऱ्यात सीआरपी, तिसऱ्यात किती पावलं चालल्या, चौथ्यात चहाची चव.

एक दिवस ती वही त्यांनी माझ्या टेबलावर उघडून ठेवली.

“वैशाली, बघ. ताप एकदाही नाही. जंतू सापडत नाहीत. सूज मात्र वाढतेय. म्हणजे सैन्य जमलंय आणि शत्रू दिसत नाही. मग लढाई चाललीय कुणाशी?”

मी म्हटलं, “मला नाही सांगता येत, बाई.”

“मला येतं. पण माझ्याकडे पुरावा नाही.” त्यांनी मांडीवर हात ठेवला. “फाटक आठवतं तुला?”

मला कागदावरची ती काळपट भुकटी आठवली.

बाईंनी वाचून काढलं होतं, की धातूवर धातू घासून सुटलेल्या कणांचे कुणाकुणाच्या अंगात कोबाल्ट आणि क्रोमियमचे आयन होतात, सांध्याभोवती दाह होतो आणि रक्तातही ते उतरतात. आमच्या इथल्या डॉक्टरांपुढे त्यांनी हे सगळं मांडलं. डॉक्टर भले माणूस. म्हणाले, “बाई, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पण तुमच्या सांध्यात नेमका कुठला धातू आहे, ते कळल्याशिवाय पुढं कसं जायचं?”

इथे गाडं अडलं. ऑपरेशनची फाइल वादळात गेली होती. त्या वादळाने अर्ध्या श्रीवर्धनच्या सुपाऱ्या आडव्या केल्या, तसे बाईंच्या घराचे पत्रेही नेले आणि पत्र्यांखालचं कपाट भिजवलं. फाइलीचा लगदा झाला होता. मुंबईचं ते रुग्णालयही मधल्या काळात बंद झालेलं.

त्या संध्याकाळी बाई पहिल्यांदाच गप्प बसल्याचं भाऊंनी पाहिलं. ते आत गेले आणि लग्नाचा अल्बम घेऊन आले. कार्यक्रमाला आलेल्या मंडळींचे फोटो संपल्यावर शेवटच्या कोऱ्या पानावर दोन लहान पांढरी स्टिकरं चिकटवलेली होती. एक वाटीचं, एक गोळ्याचं. कंपनी, क्रमांक, धातू कोबाल्ट-क्रोमियम, सगळं छापलेलं.

“हे इथं कशाला लावलंत?” बाईंनी विचारलं.

“रजिस्टरने आलेल्या वस्तूची पावती टाकायची नसते,” भाऊ म्हणाले. “फायलीत जादा होती. काढून ठेवली. अल्बम वरच्या फळीवर होता, म्हणून वाचला.”

“आणि इतके दिवस बोलला न्हाईत?”

“तू विचारलं नाहीस.”

दुसऱ्या दिवशी हा प्रसंग सांगताना बाई एवढ्या हसत होत्या, की रांगेत बसलेले पेशंटही हसायला लागले. “आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये मुंबईकर! शेवटच्या पानावर, न बोलावता!”

मग रक्त घेण्याचा दिवस आला. मुंबईच्या मोठ्या लॅबने धातूंच्या तपासणीसाठी खास नळ्या पाठवल्या होत्या. मी सवयीने नेहमीची सुई उचलली, तशी बाईंनी हात मागे घेतला.

“थांब. ती सुई कशाची?”

“स्टीलची.”

“स्टीलमध्ये काय असतं?”

मी नववीत असल्यासारखी उभी राहिले. “लोखंड, कार्बन… क्रोमियम.”

“मग तू मोजणार कुणाचं? माझं, की सुईचं?”

त्यांनी मुंबईला स्वतः फोन करून सगळं विचारून ठेवलं होतं. सलाइनला लावतात तशी प्लॅस्टिकची नळी शिरेत बसवायची, आतली सुई काढून घ्यायची, पहिलं थोडं रक्त टाकून द्यायचं आणि मगच खास नळी भरायची. मी तसं केलं. इतक्या वर्षांत मी हजारोंचं रक्त घेतलं असेल, पण पेशंटने शिकवलेलं हे पहिलंच. नळी भरल्यावर बाई म्हणाल्या, “छान. दहापैकी नऊ. एक मार्क आधी स्टीलची सुई उचललीस म्हणून कापला.”

नमुना मुंबईला गेला. रिपोर्ट आला तेव्हा मी तो छापून घेऊन स्वतःच त्यांच्या घरी गेले. कोबाल्ट आणि क्रोमियम, दोन्ही जिथे असायला हवेत त्याच्या कितीतरी पट वर. मी दारात उभी राहून शब्द जुळवत होते. बाईंनी कागद ओढून घेतला, चष्मा वर केला, खाली केला आणि ओरडल्या, “अवो! सापडला! पुरावा सापडला!”

अर्ध्या तासात आळीत नारळाच्या वड्या वाटल्या गेल्या. भाऊ ताट हातात धरून मला हळूच म्हणाले, “विषाचा रिपोर्ट आला म्हणून वड्या वाटणारं हे पहिलंच घर असेल.” बाईंनी ते ऐकलं. “आडनाव तांबे आणि अंगात निघालं कोबाल्ट. वाटायला नकोत?” असं म्हणून त्या हसल्या, आणि मग हसता हसता पदर डोळ्यांना लावून खुर्चीत बसल्या.

“दोन वर्षं सगळे म्हणत होते, तुम्हाला वाटतंय,” त्या म्हणाल्या. “मला वाटत नव्हतं गं. मला होत होतं.”

भाऊंनी ताट खाली ठेवलं आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मी निघून आले.

पुढचं सगळं मुंबईला झालं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सांध्यातलं पाणी काढून तपासलं. रंग गढूळ राखाडी, जंतू एकही नाही. स्कॅनमध्ये सांध्याभोवती गाठीसारखी पिशवी दिसली, आणि हाडही कुरतडलं जात होतं. थांबलात तर आणखी हाड जाईल, त्या म्हणाल्या. ऑपरेशन करायचं तर तेही पहिल्यापेक्षा अवघड, पुन्हा चालण्याची खात्री देता येत नाही. बाईंनी दोन प्रश्न विचारले. नवा सांधा कशाचा? गोळा सिरॅमिकचा, वाटीचं अस्तर प्लॅस्टिकचं. आणि जुना मला परत मिळेल का? डॉक्टरीणबाई गोंधळल्या. “तपासणी झाल्यावर, निर्जंतुक करून… देता येईल. पण कशाला हवा?”

“शिकवायला,” बाई म्हणाल्या.

ऑपरेशनच्या दिवशी भाऊ बाहेरच्या बाकावर एकटेच होते. मला त्यांचा फोन आला. म्हणाले, “आत नेलं तिला. जाताना त्या भूल देणाऱ्या डॉक्टरला औषधाचं नाव विचारत होती.” त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. मग म्हणाले, “घर फार शांत होईल गं,” आणि लगेच, “म्हणजे, काही झालं तर.” एवढंच. चार तासांनी पुन्हा फोन आला. “शुद्धीवर आली. मी कसा आहे विचारलं. मी बरा म्हटलं, तर पुरावा मागते.” भाऊंना मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्याने हसताना ऐकलं.

बाई घरी आल्या, वॉकर धरून एकेक पाऊल टाकू लागल्या, आणि तोच नवी भानगड उभी राहिली. शेजारच्या कुंदावैनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं. बाईंची हकिगत ऐकून त्यांनी ते रद्द केलं. सगळ्या आळीत सांगत सुटल्या, की अंगात लोखंड घातलं की रक्तात विष होतं.

मी रक्त घ्यायला गेले होते, त्याच दिवशी बाई वॉकर घेऊन वैनींच्या अंगणात पोचल्या, आणि मीही सोबत जाऊन बसले. वैनी सुपारी कातरत बसल्या होत्या. दुखरा गुडघा लांब पसरलेला.

“कुंदा, ऑपरेशन का रद्द केलंस?”

“तुमचंच बघून. मला न्हाय तसलं विष घ्यायचं. दुखतंय तं दुखंल.”

बाई खुर्चीवर टेकल्या. “हा अडकित्ता कुणाचा?”

“सासूचा.”

“पातं बघ केवढं उरलंय. बाकीचं कुठं गेलं?”

वैनींनी अडकित्ता उलटसुलट केला. “झिजलं. सुपारीसंगं गेलं आसंल पोटात.”

“गेलं, आणि पोटातून बाहेरही गेलं. माझ्या खुब्यातनं झिजलेल्याला बाहेर जायला वाटच नव्हती. आता ऐक. अंगात पहारेकरी पेशी असतात. परकं दिसलं की गिळायचं, हे त्यांचं काम. जंतू गिळला तर पचतो. धातूचा कण पचत नाही. तो पेशीच्या पोटात बसून हळूहळू विरघळतो, त्याचे आयन होतात, आणि ती पेशीच मरायला टेकते. मरताना बोंब मारते. बोंब ऐकून आणखी दहा जणी धावत येतात, त्या तेच गिळतात, त्याही बोंबलतात. ही सगळी गर्दी म्हणजे सूज. चोर सापडत नाही, पण एवढे पोलीस घरात शिरले की त्यांच्याच पायांनी भिंत पडते. माझं हाड तसं गेलं.”

“मंग माजा गुडघा?”

“तुझ्या गुडघ्यात धातूवर धातू नसतो. मधे प्लॅस्टिकची गादी असते. तीही झिजते, कधी कुणाला त्रास होतो, नाही असं नाही. पण बहुतेकांचा सांधा वर्षानुवर्षं गपगुमान काम करतो. माझा सांधा वेगळा होता, आणि त्यातही माझं अंग जरा तापट. खोटे कानातले घातले तरी माझे कान सुजतात. तुझे सुजतात का?”

“न्हाय.”

“मग डॉक्टरांना एवढं विचार, कुठला धातू घालताय. आणि त्याचं स्टिकर मागून घे. बाकी घाबरायचं कारण नाही.”

वैनींनी अडकित्ता खाली ठेवला, हात पदराला पुसला आणि तळवा बाईंपुढे धरला.

“पुरावा?”

बाई बघतच राहिल्या. मग अशा हसल्या, की मला उठून त्यांना धरावं लागलं. “कुंदे! तू शाळेत हवी होतीस माझ्या!”

दुसऱ्या दिवशी बाईंनी रिक्षा बोलावली. डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिलेली नव्हती, पण बाईंच्या मते दिवेआगर म्हणजे प्रवास नव्हे. तिथे वाडीत पाहुण्यांना खोल्या देणाऱ्या एका बाईंचे दोन्ही गुडघे कधीच बदललेले होते. कुंदावैनींना अंगणात बसवलं आणि त्या बाईंना सांगितलं, “जरा वरच्या खोलीतून उशी आणा.” त्या जिना चढून उशी घेऊन आल्या. “आता दुसरी आणा.” पाचव्या उशीला वैनी म्हणाल्या, “बास. करते मी ऑपरेशन. त्या बिचारीला बसू द्या.”

केलंही. आता वैनी रोज सकाळी मासळी बाजारापर्यंत चालत जातात आणि भेटेल त्याला गुडघा दाखवतात.

बाईंच्या रक्तातलं कोबाल्ट उतरत गेलं. क्रोमियम जरा सावकाश. दर तपासणीला त्या रिपोर्ट घेऊन वहीत ठिपका मांडायच्या आणि ठिपके जोडून मला दाखवायच्या. “घसरगुंडी बघ कशी छान आहे.” चट्टे गेले. सीआरपी जागेवर आलं. कानातली शिट्टी कमी झाली, पूर्ण गेली नाही. चाल किंचित लंगडती राहिली. चहाची चव परत आली, त्या दिवशी त्यांनी सलग चार कप प्यायले आणि चारही चहाच्या रकान्यात लिहिले.

जुना सांधा एका प्लॅस्टिकच्या बरणीत घालून त्या आमच्या शाळेत घेऊन गेल्या. मीही गेले होते. मुलं तो चकचकीत गोळा हातात घेऊन बघत होती. एका बाजूला तो मंद झालेला, घासलेला होता. एका मुलीने विचारलं, “बाई, तुम्हाला याचा राग येत नाही?”

बाईंनी गोळा तळहातावर घेतला. “कशाला येईल? मला उठता येत नव्हतं तेव्हा यानंच मला चालवलं. मी तुमच्या ताई-दादांना शिकवलं ते याच्यावर उभी राहून. झिजला बिचारा. धातू आहे तो, त्याच्या स्वभावाप्रमाणे वागला. माझ्या पेशी त्यांच्या स्वभावाप्रमाणे वागल्या. दोघांचं जमलं नाही, एवढंच.” मग म्हणाल्या, “चूक कुठं झाली? लवकर कुणी मोजलं नाही. म्हणून मोजायचं.”

मला पुण्याला नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी चौदा एप्रिल होता. सामान बांधून संध्याकाळी मी रस्त्यावर आले, तेव्हा मिरवणूक बाजारातून येत होती. निळे झेंडे, निळा गुलाल, ढोल-ताशे, मागे पांढऱ्या साड्यांमधल्या बायकांची लेझीम. बाईंना नाचायची मनाई होती, हे मला माहीत होतं. म्हणून मी त्यांना कडेच्या खुर्च्यांवर शोधत होते. तिथे फक्त भाऊ होते. एका हातात बाईंची काठी, दुसऱ्यात चष्म्याचं घर.

“बाई कुठायत?”

भाऊंनी काठीने दाखवलं. शेवटच्या ओळीत, अगदी टोकाला. पांढरी साडी, गालावर निळा गुलाल, हातात लेझीम. उडी नाही, गिरकी नाही; डॉक्टरांनी आखून दिलेल्या हद्दीत, दोन पावलं पुढे, दोन मागे. पण ठोका एकही चुकत नव्हता. मी हात केला. त्यांनी मला पाहिलं, थांबल्या नाहीत. मान उडवून भाऊंकडे बघ असं खुणावलं. मी वळून पाहिलं, तर भाऊ काठी जमिनीवर आपटत ताल धरून उभे होते, साफ चुकीचा, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

पुन्हा पाहिलं तेव्हा ओळ बंदराच्या रस्त्याला वळत होती. बाई मागे बघत हसत होत्या, आणि लेझीम चालूच होती.